काळ्या गाडीच्या रंगाची निगा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

काळी गाडी घेतलेल्यांचे बहुतेक प्रश्न कोणते पॉलिश लावावे, कोणते कोटिंग करून घ्यावे, असे असतात. पुढील उत्तरांत मात्र धुण्या-पुसण्याला सर्वांत जास्त जागा दिली आहे. काळ्या रंगावर दिसणारे बहुसंख्य चरे रस्त्यावर पडलेले नसतात, ते गाडी स्वच्छ करताना पडलेले असतात. हे एकदा ध्यानात आले की पॉलिश आणि कोटिंगचे प्रश्न बरेच सोपे होतात.

काळ्या रंगावरच चरे इतके का दिसतात? हा रंग मुळात नाजूक असतो का?

नाही. आजच्या बहुतेक गाड्यांच्या पत्र्यावर आधी गंजरोधक थर, त्यावर प्रायमर, मग प्रत्यक्ष रंगाचा बेस कोट आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट असतो. हे सारे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन जाडीचे असतात आणि त्यांपैकी क्लिअर कोटचा वाटा साधारण ३५ ते ५० मायक्रॉनचा असतो. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. चरे पडतात ते बहुधा या पारदर्शक थरात, आणि पांढऱ्या गाडीवरही हाच थर असतो.

फरक पडतो तो प्रकाशामुळे. पांढरा बेस कोट आपल्यावर पडलेला प्रकाश सर्व दिशांना परत फेकतो आणि त्या उजेडात चऱ्याची बारीक चमक हरवून जाते. काळा बेस कोट जवळजवळ सगळा प्रकाश शोषून घेतो, त्यामुळे डोळ्यांपर्यंत पोहोचते ते केवळ क्लिअर कोटच्या पृष्ठभागावरून होणारे आरशासारखे परावर्तन. समोरून पाहिल्यास ते पडलेल्या प्रकाशाच्या सुमारे ४ टक्के असते. अशा अंधाऱ्या पार्श्वभूमीवर चऱ्याच्या कडेने इकडेतिकडे वळवलेला थोडासा प्रकाशही ठळक दिसतो. ज्या काळ्या रंगात धातूचे किंवा अभ्रकाचे कण मिसळलेले असतात, त्यावर चरे थोडे लपतात, तर साध्या, कणविरहित काळ्या रंगावर ते सर्वांत जास्त उठून दिसतात. क्लिअर कोट काही उत्पादकांचा मऊ तर काहींचा कठीण असतो, हे खरे आहे; पण तो फरक रसायनाचा आहे, रंगाचा नाही.  

उन्हात किंवा दिव्याखाली कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल चरे दिसतात. ते गोलाकार हात फिरवल्यामुळे पडतात का?

हा समज फार पसरलेला आहे, म्हणून त्याचे थोडे सविस्तर उत्तर देतो. रंगावर बारीक चरे सर्व दिशांनी पडलेले असतात. दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती पाहिल्यास त्यांतले जे चरे त्या प्रतिबिंबाला वळसा घालणाऱ्या दिशेत असतात, तेच प्रकाश आपल्या डोळ्यांकडे वळवतात. बाकीचे तेथेच असूनही दिसत नाहीत. परिणामी दिव्याभोवती वर्तुळे उमटल्याचा भास होतो. टॉर्च थोडी बाजूला सरकवली की ती वर्तुळेही तिच्याबरोबर सरकतात, यावरून ही गोष्ट कोणालाही पडताळून पाहता येईल.

हात सरळ रेषेत फिरवणे तरीही चांगले, कारण चुकून चरा पडलाच तर तो एकाच दिशेने पडतो आणि थोड्याच कोनांतून दिसतो. परंतु हाताखाली धूळ असेल तर सरळ हातानेही चरे पडणारच.

रोज सकाळी कोरड्या फडक्याने किंवा झटकणीने धूळ पुसली तर काय बिघडते?

काळ्या गाडीचे सर्वाधिक नुकसान याच सवयीने होते, असे माझे ठाम मत आहे. रस्त्यावरच्या धुळीत वाळूचे, म्हणजे क्वार्ट्‌झचे कण असतात. कठीणपणाच्या मोहस मापनश्रेणीत क्वार्ट्‌झचा क्रमांक ७ आहे आणि साध्या पोलादी चाकूचे पातेही त्याच्यापेक्षा मऊ असते. क्लिअर कोट हा तर प्लास्टिकच्या जातीचा थर आहे. कोरडे फडके फिरवले की हे कण फडक्यात अडकून रंगावरून घासत जातात. मऊ पिसांच्या किंवा मेण लावलेल्या धाग्यांच्या झटकणीनेही तेच घडते, कारण चरा झटकणीमुळे पडत नसून तिने ओढून नेलेल्या कणामुळे पडतो.

एका छोट्या बादलीत फडके बुडवून, पिळून, त्याच पाण्याने सगळी गाडी पुसणे हा प्रकार याहून फारसा चांगला नाही. दुसऱ्या दरवाजापर्यंत पोहोचेपर्यंत ते पाणी गढूळ झालेले असते आणि पहिल्या दरवाजावरची माती फडक्यासह पुढच्या पत्र्यांवर फिरू लागते. गाडी पुसण्याचे काम दुसऱ्या कोणाकडे सोपवले असेल तर त्यांना हे कारण नीट समजावून सांगावे, आणि काचा व आरसे तेवढे रोज पुसून रंगाला आठवडाभर हात न लावण्याची विनंती करावी. काळ्या गाडीवर धूळ दिसणे डोळ्यांना खटकते, हे मान्य आहे. पण ती धूळ पाण्याने निघून जाते आणि चरा पाण्याने जात नाही.

मग गाडी धुण्याची योग्य पद्धत कोणती?

गाडी सावलीत उभी करावी आणि पत्रा हाताला गार लागेपर्यंत थांबावे. उन्हात उभ्या असलेल्या काळ्या पत्र्याचे तापमान ७० अंश सेल्सिअसच्या वर जाऊ शकते. अशा पत्र्यावर शाम्पू आणि पाणी हात फिरण्याआधीच सुकते व डाग सोडते.

चाके आधी धुवावीत, आणि त्यांच्यासाठी बादली, ब्रश व फडकी वेगळी ठेवावीत. ब्रेकमधून झडणारी धातूची धूळ चाकांवर साचलेली असते. ती रंगावर फिरणाऱ्या फडक्यात मुळीच येता कामा नये. त्यानंतर संपूर्ण गाडीवर वरून खाली भरपूर पाणी सोडावे. या टप्प्यात हात लावायचा नाही. जितकी माती केवळ पाण्याच्या जोराने निघेल, तितकी पुढे घासली जाण्याची शक्यता कमी होते. फोमगन असेल तर शाम्पूचा दाट फेस गाडीभर मारून तो काही मिनिटे राहू द्यावा आणि सुकण्यापूर्वी पाण्याने काढून टाकावा.

हात लावण्याची वेळ यानंतर येते. दोन बादल्या घ्याव्यात, एकीत शाम्पूचे पाणी आणि दुसरीत साधे पाणी. मायक्रोफायबरचा किंवा लोकरीचा हातमोजा शाम्पूच्या पाण्यात बुडवून एक भाग धुवावा, मग तो साध्या पाण्यात खळबळून माती सोडवावी आणि त्यानंतरच पुन्हा शाम्पूच्या बादलीत घालावा. बादलीच्या तळाशी जाळी बसवता आली तर माती तिच्याखाली बसते आणि मोज्याला पुन्हा लागत नाही. क्रम टपापासून सुरू करून काचा, बोनेट, डिकी, दरवाजांचा वरचा भाग आणि शेवटी दरवाजांचा खालचा भाग व बंपर असा ठेवावा, कारण सर्वांत जास्त चिखल खालच्या भागावर असतो. हात सरळ रेषेत आणि हलका फिरवावा. मोज्याच्या स्वतःच्या वजनापेक्षा अधिक दाब देण्याची गरज बहुधा पडत नाही. एखादा डाग त्यानेही निघाला नाही, तर तो घासण्याऐवजी ओला ठेवून भिजू द्यावा. मोजा जमिनीवर पडला तर तो त्या दिवशी पुन्हा वापरू नये.

पाण्याची टंचाई असल्यास नंतर पाण्याने धुवून काढावे न लागणारे, म्हणजे रिन्सलेस वॉश या नावाने मिळणारे द्रावण चांगले. त्यातील घटक मातीच्या कणांना वेढून घेतात आणि कण व रंग यांच्यामध्ये बुळबुळीत थर राखतात. एका बादलीत आठ-दहा फडकी भिजत घालावीत, प्रत्येक फडक्याची घडी घालून त्याची एकेक स्वच्छ बाजू वापरावी आणि वापरलेले फडके बादलीत परत टाकू नये. मात्र गाडी चिखलाने माखलेली असेल तेव्हा ही पद्धत वापरू नये.

भांडी घासण्याचा साबण किंवा कपड्यांची पावडर चालेल का?

नियमित धुण्यासाठी चालणार नाही. असा साबण वॅक्सचा संरक्षक थर उतरवतो आणि हाताखाली पुरेसा बुळबुळीतपणाही राखत नाही. कपड्यांची पावडर तर क्षारीय असते आणि तिचे न विरघळलेले कण रंगावर घासले जातात. गाडीसाठी बनवलेला, उदासीन पीएचचा, म्हणजे आम्लीयही नसलेला आणि क्षारीयही नसलेला, शाम्पू वापरावा.

गाडी वाळवताना काय काळजी घ्यावी?

नीट धुतलेल्या गाडीवरही शेवटच्या टप्प्यात चरे पडतात, कारण तोपर्यंत शाम्पूचा बुळबुळीतपणा निघून गेलेला असतो. फवारा काढून नळीतून पाण्याची संथ धार सोडली की बरेचसे पाणी सलग पडद्यासारखे ओघळून जाते. उरलेले पाणी टिपण्यासाठी दाट लवीचे, मोठे मायक्रोफायबरचे फडके पत्र्यावर पसरून अलगद ओढावे किंवा दाबून टिपावे. ब्लोअरने पाणी उडवता आले तर सर्वांत उत्तम, कारण त्यात रंगाला स्पर्शच होत नाही. शिवाय आरसे, हँडल आणि दिव्यांच्या फटींतले पाणीही निघते, जे नंतर ओघळून काळ्या दरवाजांवर रेषा उमटवत राहते. काचेसाठीचे रबरी वायपर रंगावर ओढू नये, कारण एखादा कण त्याच्या पातीखाली अडकला तर तो पूर्ण लांबीचा चरा पाडतो.

पाणी सुकल्यावर पांढरे गोल डाग राहतात. ते कसे काढावेत?

हे डाग पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे, मुख्यतः कॅल्शियम व मॅग्नेशियमच्या संयुगांचे असतात. पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहतात. डाग ताजे असतील तर ते धुण्याने किंवा क्विक डिटेलरचा, म्हणजे हलके डाग पुसण्यासाठी मिळणाऱ्या द्रवाचा, फवारा मारून पुसण्याने जातात. त्याने न गेल्यास पांढरे व्हिनेगर आणि डिस्टिल्ड वॉटर समप्रमाणात मिसळून, फडके त्यात भिजवून एखाद-दोन मिनिटे डागावर ठेवावे आणि नंतर ती जागा भरपूर पाण्याने धुवावी. व्हिनेगरमधील आम्ल या क्षारांना विरघळवते. त्याबरोबर त्या जागेचे वॅक्सही कमी होऊ शकते, म्हणून तेथे ते पुन्हा लावावे.

डाग बरेच दिवस उन्हात तापत राहिले तर क्लिअर कोटमध्ये खोलगट वण पडतो. क्षार काढून टाकल्यावरही त्याची कड दिसत राहते, आणि मग पॉलिशखेरीज उपाय उरत नाही. म्हणून क्षारयुक्त पाणी असलेल्या ठिकाणी गाडी कधीही आपोआप सुकू देऊ नये. घरातील पाणी मृदू करणाऱ्या यंत्राचाही येथे अर्धाच उपयोग होतो: ते यंत्र कॅल्शियमच्या जागी सोडियम आणते, त्यामुळे डाग पडतात, पण सहज निघतात. क्षार जवळजवळ पूर्णपणे काढलेले, म्हणजे डीआयोनाइज्ड पाणी शेवटच्या धुण्यासाठी वापरले तर डाग पडत नाहीत.

पक्ष्यांची विष्ठा, किडे, झाडांचा चीक आणि डांबर यांपैकी सर्वांत घातक काय?

काळ्या रंगासाठी पक्ष्यांची विष्ठा. तिच्यातील आम्लाचा परिणाम होतोच, पण उष्णतेचा वाटाही मोठा असतो. उन्हात काळा पत्रा तापतो, क्लिअर कोट मऊ होऊन किंचित प्रसरण पावतो, आणि त्याच वेळी विष्ठा सुकून कडक होते. पत्रा गार होताना क्लिअर कोट त्या कडक थराभोवती आकसतो आणि विष्ठेचा ठसा त्यात उमटतो. तापलेल्या दिवशी हे काही तासांतच घडू शकते, म्हणून आठवड्याच्या धुण्याची वाट पाहू नये. पाण्याने भिजवलेले फडके किंवा कागदी रुमाल डागावर पाच-दहा मिनिटे ठेवावा, आणि विष्ठा मऊ पडल्यावर ती न घासता उचलून घ्यावी. पक्ष्यांच्या विष्ठेत बियांचे टरफल आणि वाळूचे कण असतात, हे त्यामागचे कारण. गाडीत पाण्याची बाटली आणि दोन स्वच्छ फडकी नेहमी ठेवावीत.

किड्यांचे अवशेष याच रीतीने भिजवून काढावेत. झाडाचा चीक आयसोप्रोपिल अल्कोहोलने आणि डांबर त्यासाठी मिळणाऱ्या टार रिमूव्हरने निघते. दोन्हींनंतर ती जागा धुवून वॅक्स लावावे.

पावसात गाडी धुतली जाते ना? मग पुन्हा धुण्याची गरज काय?

पावसाचे थेंब हवेतील धूळ घेऊन खाली येतात आणि गाडीवर साचलेली धूळ हलवून ठिपक्याठिपक्यांनी गोळा करतात. पाऊस थांबून ऊन पडले की हे ठिपके जागच्या जागी सुकतात. शक्य असेल तर पावसानंतर निदान साध्या पाण्याची धार मारून गाडी टिपून घ्यावी.

ब्रश फिरवणाऱ्या स्वयंचलित यंत्रात किंवा प्रेशर वॉशरने काळी गाडी धुवावी का?

ब्रशच्या यंत्रात मुळीच नेऊ नये. आधीच्या गाड्यांची माती त्या ब्रशांत असते. स्पर्शविरहित यंत्र त्यापेक्षा सुरक्षित, परंतु हाताच्या स्पर्शाची उणीव तेथे तीव्र रसायनांनी भरून काढलेली असते, त्यामुळे वॅक्स लवकर उतरते. प्रेशर वॉशर चांगले साधन आहे. फक्त त्याची तोटी पत्र्यापासून दीड-दोन फूट दूर धरावी आणि जेथे रंगाचे टवके उडाले आहेत किंवा स्टिकर चिकटवले आहेत, तेथे थेट झोत मारू नये.

धुतल्यावरही रंग हाताला खरखरीत लागतो. असे का?

ब्रेक आणि रेल्वेरुळांवरून उडणारे लोखंडाचे सूक्ष्म कण, कारखान्यांतील धूर आणि चिकाचे बारीक थेंब रंगात घट्ट रुतून बसतात. बोटांवर प्लास्टिकची पातळ पिशवी चढवून धुतलेल्या पत्र्यावरून हलकेच हात फिरवला की ते स्पष्ट जाणवतात. लोखंडाच्या कणांसाठी आयर्न रिमूव्हर नावाचे द्रावण मिळते. त्याची लोखंडाशी रासायनिक क्रिया होऊन जांभळे ओघळ दिसू लागतात. ते सावलीत, गार पत्र्यावर, हातमोजे घालून वापरावे आणि सुकू न देता धुवून टाकावे.

त्यानंतरही खरखर उरली तर क्ले बार, म्हणजे रुतलेले कण उचलून घेणारा मऊ, मळता येणारा गोळा, वापरावा. पत्र्यावर भरपूर वंगणद्रव फवारून क्लेचा चपटा तुकडा दाब न देता पुढे-मागे सरकवायचा, आणि मळका झाला की मळून त्याची स्वच्छ बाजू वर आणायची. काळ्या रंगावर क्लेचेही पुसट चरे उमटतात, ही गोष्ट आधीच समजून घ्यावी. म्हणून क्ले दर महिन्याला करण्याचे काम नव्हे. ज्या वेळी त्यापाठोपाठ पॉलिश करायचे असेल, त्या वेळीच ते करावे.

पडलेले चरे पॉलिशने जातात का, आणि पॉलिश किती वेळा करता येते?

पॉलिश म्हणजे चरा भरणे नव्हे. चऱ्याच्या तळापर्यंत किंवा निदान त्याच्या धारदार कडा बोथट होईपर्यंत आजूबाजूचा क्लिअर कोट घासून कमी करणे, म्हणजे पॉलिश. हलक्या पॉलिशने साधारण एक मायक्रॉनच्या आसपास थर जातो, तर जाड कणांच्या कंपाउंडने त्याच्या कित्येक पट. क्लिअर कोटमध्ये अतिनील किरणांपासून बचाव करणारी द्रव्ये असतात, त्यामुळे हा थर फार पातळ झाला तर चमक टिकूनही काही वर्षांनी तो पांढुरका पडून सोलवटू लागतो. एकदा सोलवटलेला क्लिअर कोट कोणत्याही पॉलिशने दुरुस्त होत नाही. तो भाग पुन्हा रंगवावा लागतो. म्हणून पॉलिश हा जपून खर्च करावा असा साठा आहे. दर सर्व्हिसिंगला ‘रबिंग-पॉलिश’ करून घेण्याची प्रथा मला चुकीची वाटते.

चरा कितपत खोल आहे हे पाहण्यासाठी नख आडवे फिरवावे. नख अडकत असेल तर तो चरा पॉलिशने पूर्ण काढण्याचा हट्ट धरू नये. काम करून घेण्यापूर्वी रंगाची जाडी मोजणाऱ्या यंत्राने प्रत्येक पत्र्यावर ठिकठिकाणी मोजणी करून घ्यावी. साधे यंत्र सर्व थरांची एकत्रित जाडी दाखवते, एकट्या क्लिअर कोटची नाही, आणि प्लास्टिकच्या बंपरवर ते चालत नाही. तरीही पूर्वी फार घासलेला किंवा पुन्हा रंगवलेला भाग त्यावरून ओळखू येतो. पत्र्याच्या कडांवर व ठसठशीत घड्यांवर रंग पातळ असतो, त्यामुळे तेथे चिकटपट्टी लावून घेणे शहाणपणाचे.

घरी करायचे असेल तर ड्युअल अ‍ॅक्शन पॉलिशर घ्यावे. त्याची चकती फिरता फिरता डोलते, त्यामुळे एकाच जागी उष्णता साचत नाही. आधी दीड-दोन फुटांच्या चौकोनात सर्वांत मऊ पॅड आणि सर्वांत बारीक पॉलिश वापरून पाहावे. त्याने भागले तर त्याहून जहाल काही वापरू नये. जुन्या, क्लिअर कोट नसलेल्या गाडीवर पॅड काळे होऊ लागते. तेथे प्रत्यक्ष रंगच निघत असतो, त्यामुळे अधिकच सावध राहावे.

पॉलिश करून आणल्यावर गाडी आरशासारखी दिसत होती, पण काही आठवड्यांतच चरे परत आले. असे का होते?

दोन शक्यता असतात. पहिली म्हणजे वापरलेल्या पॉलिशमध्ये किंवा ग्लेझमध्ये, म्हणजे चमक आणण्यासाठी वरून लावायच्या द्रव्यात, तेले आणि भरावाची द्रव्ये होती. त्यांनी चरे तात्पुरते झाकले आणि काही धुण्यांनंतर ती निघून गेली. हे ओळखण्यासाठी गाडी ताब्यात घेण्यापूर्वी एका भागावर पाण्यात पातळ केलेले आयसोप्रोपिल अल्कोहोल फवारून पुसून घ्यावे आणि टॉर्चच्या प्रकाशात पाहावे. कामावर विश्वास असलेला कारागीर याला हरकत घेत नाही. दुसरी शक्यता अशी की काम नीट झाले होते, पण त्यानंतर गाडी पुन्हा कोरड्या फडक्याने पुसली गेली.

उन्हात पत्र्यावर धुरकट, हलत्या पट्ट्या दिसत असतील तर तो रोटरी, म्हणजे चकती न डोलता केवळ गोल फिरवणारे, यंत्र अकुशलपणे चालवल्याचा परिणाम आहे. बारीक पॉलिशने त्या पट्ट्या काढून देण्यास सांगावे.

वॅक्स, सीलंट, सिरॅमिक कोटिंग आणि पीपीएफ यांपैकी काय निवडावे?

कार्नोबा वॅक्स ब्राझीलमधील एका ताडजातीय झाडाच्या पानांवर मिळते. काळ्या रंगाला ते खोल, ओलसर झाक देते आणि ती झाक मला स्वतःला फार आवडते, पण तिचे आयुष्य काही आठवड्यांचेच असते. सीलंट, म्हणजे वॅक्सऐवजी लावायचा कृत्रिम संरक्षक थर, काही महिने टिकतो आणि लावायलाही सोपा असतो. स्वतःच्या हाताने गाडी धुणाऱ्याला या दोन्हींपैकी काहीही पुरते.

सिरॅमिक कोटिंग हा सिलिकॉनच्या संयुगांपासून बनलेला, रंगाला घट्ट चिकटणारा थर असतो आणि तो नीट लावल्यास वर्षानुवर्षे टिकतो. माती त्याला कमी चिकटते आणि गाडी लवकर धुऊन होते. त्याचा खरा लाभ हाच आहे. त्याची जाडी मात्र एक-दोन मायक्रॉनच्या घरात असते. जाहिरातींत सांगितले जाणारे ‘९एच’ हे पेन्सिलीच्या कठीणपणाचे माप आहे, मोहस श्रेणीचे नव्हे. वाळूचा कण त्यावरही चरा पाडतो, दगडाने टवका उडतो, आणि पाण्याचे थेंब गोल राहून जागीच सुकल्यामुळे क्षारांचे डाग पडण्याची शक्यता कधीकधी वाढतेच. शिवाय कोटिंगखाली राहिलेले चरे तसेच कायम राहतात, म्हणून ते लावण्यापूर्वी पॉलिश नीट झाले आहे की नाही, हे स्वतः उन्हात तपासावे. खर्चाचा मोठा भाग त्याच मेहनतीचा असतो.

दगडांपासून खरे संरक्षण मिळते ते पीपीएफने, म्हणजे थर्मोप्लास्टिक पॉलियुरेथेनच्या पारदर्शक फिल्मने. तिची जाडी साधारण १५० ते २०० मायक्रॉन असते, म्हणजे रंगाच्या सर्व थरांइतकी किंवा त्याहून अधिक, आणि चांगल्या फिल्मवरचे बारीक चरे उष्णतेने आपोआप भरून येतात. संपूर्ण गाडीचा खर्च झेपत नसेल तर बोनेटचा पुढचा भाग, पुढचा बंपर, आरसे आणि हँडलमागच्या खळग्या, जेथे नखांचे चरे पडतात, तेवढ्यावर ती लावावी. काळ्या गाडीवर फिल्मची कड धुळीने उठून दिसते. म्हणून कडा आत दुमडून घेणारा कारागीर शोधावा.

नवी गाडी ताब्यात घेताना काय सांगावे?

गाडी धुवू नका, पुसू नका, पॉलिश करू नका आणि संरक्षक आवरण काढू नका, असे लेखी कळवावे. घाईघाईने केलेल्या या शेवटच्या सजावटीतच अनेक काळ्या गाड्यांवर पहिले चरे पडतात.

चमक यावी म्हणून केरोसीन किंवा डिझेलचा बोळा फिरवला तर?

तेलकट थरामुळे चरे काही काळ झाकले जातात, पण त्याच थराला धूळ चिकटते आणि पुढच्या पुसण्यात घासली जाते. खिडक्यांची रबरे आणि काळे प्लास्टिक यांनाही हे तेल मानवत नाही.

गाडीवर कव्हर घालावे का?

बंदिस्त जागेत, नुकत्याच धुतलेल्या आणि वाळलेल्या गाडीवर मऊ अस्तराचे कव्हर घालण्यास हरकत नाही. उघड्यावर मात्र कव्हर वाऱ्याने हलत राहते आणि आत गेलेली धूळ रंगावर रात्रभर घासते. ऊन आणि पक्षी यांचा त्रास असह्य असेल तर कव्हरपेक्षा छप्पर शोधावे.

मायक्रोफायबरची फडकी कशी धुवावीत?

सुती कपड्यांपासून वेगळी, द्रवरूप साबणाने, कोमट पाण्यात. फॅब्रिक सॉफ्टनर कधीही वापरू नये. त्याने तंतूंवर थर बसतो आणि फडके पाणी शोषेनासे होते. शिवलेली लेबले आधीच कापून टाकावीत. रंगाची, काचांची व चाकांची फडकी वेगवेगळ्या रंगांची घेतली की त्यांची अदलाबदल होत नाही.

दरवाजांमधल्या चकचकीत काळ्या खांबांवर इतके चरे का पडतात?

‘पियानो ब्लॅक’ म्हणून ओळखले जाणारे हे भाग अनेकदा प्लास्टिकचे असतात, आणि त्यांवर रंगासारखा जाड क्लिअर कोट असेलच असे नाही. काच पुसता पुसता तेच फडके त्यांवरून फिरते, म्हणून ते सर्वांत आधी खराब होतात. नव्या गाडीत या पट्ट्यांवर पीपीएफ लावून घेणे हा थोडक्या खर्चात होणारा उत्तम उपाय आहे. आधीच चरे पडले असतील तर हाताने, मऊ पॅडने आणि बारीक पॉलिशने ते हळूहळू कमी होतात. यंत्राच्या उष्णतेने मात्र हे प्लास्टिक चटकन खराब होते.

दगड उडून रंगाचा टवका गेला आहे. काय करावे?

आत पत्रा दिसत असेल तर उशीर करू नये, कारण तेथून गंज रंगाखाली पसरतो. काळा रंग म्हणजे कोणताही काळा नव्हे: दरवाजाच्या चौकटीवर किंवा बोनेटखालच्या पट्टीवर रंगाचा कोड दिलेला असतो, त्याच कोडचा टच-अप रंग घ्यावा. जागा अल्कोहोलने पुसून, बाटलीसोबतच्या ब्रशऐवजी बारीक टोकाच्या काडीने रंगाचा अगदी छोटा थेंब खळग्यात सोडावा, तो सुकू द्यावा आणि गरज असल्यास दुसरा थेंब सोडावा.

संपूर्ण पत्रा नव्याने रंगवून घेतला असेल तर वॅक्स किंवा कोटिंगची घाई करू नये. कारखान्यात क्लिअर कोट सुमारे १४० अंश सेल्सिअसला भाजला जातो, तर दुरुस्तीच्या रंगशाळेत बहुधा ६० अंशांच्या आसपासच, कारण गाडीत प्लास्टिक व वायरिंग बसवलेले असते. त्या रंगातील द्रावके पूर्ण उडून जाण्यास आठवडे लागतात. रंगाऱ्याने सांगितलेली मुदत, जी साधारण एक ते तीन महिन्यांची असते, पाळावी आणि तोवर गाडी फक्त धुवावी.

मॅट काळ्या रंगालाही हेच नियम लागू होतात का?

धुण्याचे नियम तेच. पॉलिश, कंपाउंड आणि क्ले मात्र पूर्णपणे वर्ज्य, कारण मॅट पृष्ठभाग सूक्ष्म पातळीवर खडबडीत असतो आणि घासल्याने तेवढाच भाग चकाकू लागतो. हा चकचकीत ठिपका पुन्हा मॅट करता येत नाही. नेहमीचे वॅक्सही त्यावर असमान चमक आणते. त्याच्यासाठी खास बनवलेला शाम्पू व सीलंट वापरावा. अशा रंगावरचा चरा पॉलिशने काढता येत नसल्यामुळे मॅट गाडी घेतानाच तिच्यावर मॅट पीपीएफ लावून घ्यावी, असे मी सुचवतो.